रूबी मला न्यायला आली होती

आईला ठाऊक नाही. बाबांना तर कळूच नये अशी व्यवस्था मी आजवर नीट सांभाळली आहे. आपल्याला हिचं सगळं ठाऊक आहे असं ज्या दोन मैत्रिणींना वाटतं, त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगते आहे? खरं तर मलाही कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. सांगून झाल्यावर हलकं वाटेल अशी आशा मात्र नाही. मुळात जडच वाटत नाही, तर हलकं कुठून वाटणार?

आम्ही मूळचे नागपूरकडचे. बाबा इथल्या विजेच्या यंत्रांच्या मोठ्या कारखान्यात लागले आणि भोपाळचेच झाले. निवृत्तीनंतर आनंद नगरला छोटं घर बांधलं. मी इंग्रजीत एम. ए. केलं, कोचिंग क्लाससाठी जाहिराती लिहिल्या, एका डॉक्टरच्या नावाने आरोग्यावरचे लेख लिहिले. मग अरेरा कॉलोनीत, एका औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर एक एजन्सी होती, तिथे लागले. काम सकाळी सहाला सुरू व्हायचं. आमची सकाळ म्हणजे अमेरिकेतली संध्याकाळ. जेवणं आटपून लोक फोन घेऊन बसतात, ती वेळ.

आणि आम्ही त्यांच्याशी बोलायचो. त्यांच्यासारखे होऊन.

स्पष्टच सांगते. मी पगार घेऊन खोटी माणसं चालवत होते. फोटो कॉम्प्युटरने बनवलेले, नावं आम्ही दिलेली. माझ्याकडे अशी बरीच माणसं होती, पण त्यातली एकच सांगण्यासारखी. लोरेन. दक्षिणेकडच्या एका राज्यातली साठी ओलांडलेली कृष्णवर्णीय विधवा. नवरा गेल्यावर भाचीच्या गावी राहायला आलेली, गुडघा दुखणारी, थोडी तोंडाळ. ते गाव खरं होतं, नकाशावरून उचललेलं. लोरेन माझी.

तो निवडणुकीचा हंगाम होता. तिथला एक रॅपर – नाव सांगून काय करायचं – आमच्या कामाचा मुख्य विषय झाला होता. गरीब वस्तीतून वर आलेला, आता बंगले, विमान, सगळं. एका उमेदवाराने अतिश्रीमंतांवर कर वाढवायचं ठरवलं होतं. याने व्हिडिओ टाकला की माझ्या कमाईतलं इतकं मी देणार नाही, माझा पाठिंबा दुसऱ्याला. झालं, त्याच्याच लोकांत आग लागली. कुणी म्हणे, त्याने कष्टाने मिळवलंय, का द्यावं? कुणी म्हणे, याचा कर वाचावा म्हणून आमची मतं याने विकायची? म्हाताऱ्या बायका लिहीत होत्या की त्याची गाणी आम्हाला कधीच आवडली नव्हती, आता माणूसही आवडत नाही. तरुण पोरं त्यांना उलटून बोलत होती. आमचं काम त्या आगीत थोडं थोडं तेल घालायचं. पैसे कोण देत होतं, हे आम्हाला कधी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मला ते काम फार सोपं गेलं. माझ्याबरोबरची मुलं अडायची. त्यांना कळेना की एका गायकाच्या करावरून लोक इतके का दुखावतात. मला न शिकवता कळत होतं. आमच्या वस्तीत गजभियेकाका नावाचे ठेकेदार होते. आमच्याच समाजाचे, जयंतीच्या मंचावर सर्वांत मोठ्याने बोलणारे. पुढे पैसा आला, अरेरा कॉलोनीत बंगला झाला. त्यांच्या कराची काहीतरी जुनी भानगड होती म्हणतात. एका निवडणुकीआधी ते हार घालून पलीकडच्यांच्या मंचावर जाऊन बसले आणि वस्तीला सांगितलं की आता इकडे मत द्या. बाबा त्यांच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. फक्त त्यांच्याकडून आलेली लग्नपत्रिका न उघडता फ्रिजवर ठेवून दिली. ती तिथेच धूळ खात पडली.

तर लोरेन जे लिहायची, ते मी गजभियेकाकांबद्दल लिहीत होते. "तो आपला होता तेव्हा आपण त्याला डोक्यावर घेतलं. आता तो फक्त स्वतःच्या पैशाचा आहे." खोट्या बाईच्या तोंडी माझा खरा राग. लोकांना पटला. का नाही पटणार?

आणि मग मी अजून एक गोष्ट दिली तिला. ही द्यायला नको होती.

आमच्या घरात मतदानाचा दिवस सणासारखा असतो. बाबा पांढरा शर्ट आदल्या दिवशी स्वतः इस्त्री करतात. आई पांढरी साडी नेसते. मत देऊन आल्याशिवाय कुणी काही खात नाही, चहासुद्धा नाही. आल्यावर खीर. कुणाला मत दिलं हे एकमेकांना विचारायचं नाही, आईने बाबांनाही नाही. माझ्या आजोबांनी ही पद्धत घातली. त्यांच्या वडिलांना गावच्या चावडीची पायरी चढू देत नव्हते, आणि यांच्या हातात एकदम तेवढंच वजन आलं जेवढं पाटलाच्या. हे मी लहानपणापासून ऐकलेलं. एका सकाळी लोरेनचं खातं जरा थंड पडलं होतं, म्हणून मी हे सगळं उचलून तिला देऊन टाकलं. पांढरा पोशाख, उपाशीपोटी जाणं, आल्यावर गोड. खिरीच्या जागी पीच घातलेलं काहीतरी लिहिलं.

त्या दिवशी रूबीने पहिल्यांदा उत्तर दिलं.

रूबी खरी होती. हे मी ठामपणे सांगू शकते, कारण खोटी माणसं कशी बोलतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? सत्तरीची, जन्मभर शाळेची बस चालवलेली, त्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहणारी. ती लिहायची इंग्रजीत, मी इथे आपल्या भाषेत सांगते. तिने लिहिलं, "माझी आईही अशीच. चर्चची टोपी, पांढरे हातमोजे. तरुणपणी तिला मतदान केंद्राच्या दारातून परत पाठवलं होतं, म्हणून नंतर ती नटून जायची. टपालाने मत देता येतं, आधी देता येतं, पण मी नाही देत. त्याच दिवशी, स्वतः जाऊन, तिच्यासारखं."

मग रूबी रोज यायची. आधी लोरेन जिथे लिहायची त्या ग्रुपवर, मग खाजगीत. तिचा रक्तदाब, तिचा उनाड नातू, बसमधल्या पोरांचे किस्से. गुडघ्याला काय लावायचं ते सांगायची, आणि मी ते इथे आईला सांगायचे. आईला खरंच आराम पडला. मी रूबीला लिहिलं की माझा गुडघा बरा आहे. तिला केवढा आनंद झाला.

मतदानाला दोन-तीन आठवडे उरले तेव्हा आमचे सक्सेना सर सकाळी चहाचे ग्लास घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असेल तर न मागता सुट्टी द्यायचे. ते म्हणाले, "देखो भई, अब ग़ुस्सा नहीं चाहिए. अब थकान चाहिए."

मला लगेच कळलं. चिडलेला माणूस मत द्यायला जातो. थकलेला घरी बसतो.

मी लोरेनला थकवलं. तिने लिहिलं की रॅपर आपला कर वाचवेल, पुढारी आपली खुर्ची वाचवेल, आपल्याला कोण वाचवणार? तिने लिहिलं की या वेळी मी पांढरा पोशाख बाहेर काढणार नाही, दिवसभर झोपून राहणार आहे. हे लिहिताना हात कापला वगैरे म्हणू का? नाही कापला. बाजूला पोह्याची प्लेट होती, जिलबी होती. लिहून झाल्यावर मी जिलबी खाल्ली. खाली खूप बायकांनी लिहिलं – मीही, मीही नाही जाणार. सरांनी पाठीमागून वाचलं आणि म्हणाले, "वाह, वर्षा."

फक्त रूबीने उलट लिहिलं. "तू नाही गेलीस तर तो जिंकला. निवडणुकीत नाही, तुझ्यावर जिंकला." मी लिहिलं, भाची कामावर जाते, गाडी नाही, गुडघा पुन्हा धरलाय. वाटलं, विषय संपेल.

तिने लिहिलं, "मी येते तुला न्यायला."

तीन तासांचं अंतर होतं. मी लिहिलं, फार लांब आहे गं. ती म्हणाली, मी जन्मभर बस चालवलीय, मला अंतर सांगू नकोस. सकाळी निघेन, अकराच्या सुमाराला तुझ्याकडे, तुझं मत देऊन होईल, काहीतरी खाऊ, आणि तीनला निघाले तरी माझ्या गावी माझं मत द्यायला वेळेत पोचेन.

आता इथे थांबते जरा. कारण मला दोनच शब्द लिहायचे होते – नको येऊस. कुठलंही कारण चाललं असतं. ताप आला, भाचीने सुट्टी घेतली, काहीही. खोटं बोलण्यात तर माझा हात कुणी धरला नसता. मग का नाही लिहिले?

सांगते. ग्रुपमध्ये एक तरुण मुलगी होती, तिला संशय आला होता. तिने सगळ्यांसमोर विचारलं की ही लोरेन कोण, हिला कुणी भेटलंय का, हिचं चर्च कुठलं? मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात रूबीच मध्ये पडली. तिने लिहिलं, "लेकरा, मोठ्या माणसांशी असं बोलू नये. मी मंगळवारी, मतदानाच्या दिवशी, तिला भेटते आहे. आमचा दोघींचा फोटो टाकीन इथे." रूबीला नको म्हटलं असतं तर लोरेन उघडी पडली असती. लोरेन पडली की ग्रुप गेला, इतक्या महिन्यांचं काम गेलं, सर काय म्हणतील, बढतीचं काय. एवढंच होतं ते. फार मोठं काही नव्हतं.

मी लिहिलं, ये. न भेटल्याचं काहीतरी कारण मतदान झाल्यावर सांगता आलं असतं. नकाशावर त्या गावातलं एक चर्च शोधलं, लाल विटांचं. त्याच्या दारात उभी राहीन, पांढऱ्या पोशाखात, असं लिहिलं. सरांनी सांगितलं नव्हतं. सरांना आजही ठाऊक नाही. हे मी एकटीने केलं.

मंगळवारी त्यांची सकाळ झाली तेव्हा आमच्याकडे दिवेलागण झाली होती. आई मटार सोलत होती, मी तिच्याजवळ बसले होते. बाबा टीव्हीवर तिथल्याच निवडणुकीच्या बातम्या बघत होते. शेजाऱ्यांना त्यांनी सांगून ठेवलं होतं की आमची वर्षा अमेरिकेच्या निवडणुकीचं काम करते. फोन वाजला. रूबीने फोटो पाठवला होता. गाडीच्या आरशात काढलेला – पांढरी टोपी, पांढरे हातमोजे स्टिअरिंगवर. खाली लिहिलं होतं, "निघाले. काही खाल्लं नाहीये. तुझ्यासारखंच."

बाबांनी विचारलं, "तिकडच्या बायका सकाळी लवकर जातात का गं मत द्यायला?"

"काही जातात, बाबा."

"अच्छा आहे," ते म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले. घरात ते शुद्ध बोलायचा हट्ट धरतात, पण खूश झाले की हिंदी मध्ये येतेच.

तेव्हाही वेळ होता. ती गावातून नुकतीच बाहेर पडली असेल. परत फिर, एवढं लिहिलं असतं तर ती परत फिरली असती, आपल्या केंद्रावर गेली असती, मत देऊन घरी जाऊन जेवली असती. मी फोन पालथा घातला. मटार सोलले. जेवले. नंतर फोन बंद केला आणि झोपले. झोप लागली का? लागली. चांगली लागली. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगते.

सकाळी ऑफिसात जाऊन लोरेनचं खातं उघडलं. तिकडे मंगळवारची संध्याकाळ झाली होती, मतदान संपायला थोडाच वेळ उरला होता. रूबीचे निरोप एकाखाली एक उभे होते.

पोचले. दारात आहे. तू दिसत नाहीस.

गुडघा जास्त दुखतोय का? पत्ता दे, घरी येते.

चर्चमध्ये विचारलं, तुला कुणी ओळखत नाही. तू नवीनच ना इथे, मी सांगितलं त्यांना.

दोन गल्ल्या फिरून आले. फोन बंद लागतोय.

आणि मग हा, तो मला शब्द न् शब्द पाठ आहे: "तीन वाजलेत. माझं मत द्यायचं तर आता निघायला हवं. पण तू कुठे पडली असशील आणि मी निघून गेले तर? थांबते."

त्यानंतर बराच वेळ काही नव्हतं. मी ते वाचत असतानाच नवीन निरोप आला. मी ऑनलाइन आले आहे हे तिला तिकडे दिसलं असणार. "लोरेन? आहेस तू? माझं तर राहिलं आता. पण तुझ्यासाठी अजून पंधरा मिनिटं आहेत. कुठे आहेस सांग, गाडी चालूच ठेवलीय."

पंधरा मिनिटं. एक उपाशी म्हातारी बाई परक्या गावात गाडी चालू ठेवून बसली होती. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने एकही मतदान चुकवलं नव्हतं, ते माझ्यामुळे चुकलं. हे मला सगळं कळत होतं. कळणं वेगळं आणि वाटणं वेगळं, हे मी त्या सकाळी शिकले. मला काहीच वाटत नव्हतं. समोरच्या टेबलावर कुणीतरी पंख्याचा वेग वाढवायला सांगत होतं.

मी लिहिलं, "माफ कर गं. भाचीने सकाळीच नेलं मला. फोन घरी राहिला. मत दिलं मी. पांढरा पोशाख घातला होता."

ती काय लिहील याची मी वाट पाहिली. तिने शिव्या द्याव्यात असं वाटलं का? थोडं वाटलं असेल.

तिने लिहिलं, "दिलंस ना? मग बरं झालं. पेट्रोल वाया नाही गेलं."

मग तिने विचारलं की खाल्लंस का काही. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मीही खाते आता कुठेतरी, हात कापायला लागलेत.

ग्रुपवर रूबीने स्वतः सगळं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं मत राहिलं, पण घरी बसून राहणार म्हणणारी एक बहीण उठून गेली, तेव्हा हिशेब बरोबर. संशय घेणाऱ्या त्या मुलीने लोरेनची माफी मागितली. मी मोठ्या मनाने माफ केलं. शेकडो लोकांनी ते वाचलं असेल. सरांनी हसत विचारलं, ही काय भानगड? मी म्हटलं, आपोआप झालं सर.

कोण जिंकलं ते तुम्हाला ठाऊक असेल. रॅपरचा कर वाचला की नाही, मी पाहिलं नाही. काम संपलं, सगळी खाती पुसून टाकायचा हुकूम आला. मी बाकीची पुसली. लोरेन नाही पुसली. का, ते विचारू नका, मला सांगता येणार नाही. पश्चात्ताप म्हणून तर नक्कीच नाही.

पुढे ती एजन्सी मी सोडली. आता एका शाळेत इंग्रजी शिकवते. नागरिकशास्त्राच्या बाई रजेवर असल्या की त्यांचाही तास घेते, मतदानाचा हक्क हा धडा शिकवते. मुलं प्रश्न विचारतात, मी उत्तरं देते. आवाज कुठेही अडकत नाही. मध्यंतरी इथेही निवडणूक झाली. बाबांबरोबर उपाशीपोटी जाऊन मत दिलं, घरी येऊन खीर खाल्ली. खीर चांगली झाली होती.

रूबी अजून लिहिते. रविवारी, चर्चमधून आल्यावर. तिला आता डोळ्यांनी कमी दिसतं, म्हणून अक्षरं मोठी करून लिहिते, चुका होतात. माझ्या गुडघ्याची चौकशी चुकत नाही. मी उत्तर देते. थोडक्यात देते, पण देते. एकदा तिने विचारलं की त्या दिवशी माझ्यावर रागावली नाहीस ना, मी उशिरा आले असेन. मी लिहिलं, नाही, तू वेळेवर आली होतीस.

गेल्या रविवारी तिने लिहिलं की पुढच्या निवडणुकीला आता ती स्वतः गाडी चालवू शकणार नाही. नातू चालवेल. या वेळी ती आपलं मत आधीच देऊन टाकणार आहे, आईची पद्धत मोडून, म्हणजे माझ्यासाठी पूर्ण दिवस मोकळा राहील. आदल्या दिवशी येईल आणि माझ्याकडेच मुक्काम करील. दोघींचे पोशाख ती इस्त्री करून आणणार आहे. भाचीला अडचण होणार नाही ना, एवढं विचार, असं तिने लिहिलं होतं.

मी लिहिलं, काही अडचण नाही. ये.